गाणे संपल्यानंतर

गाणे कसे ऐकावे याविषयी आपल्याकडे जाणत्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. दाद केव्हा द्यावी, गाणे रंगात आले असता विड्याचे तबक फिरवू नये, रडक्या मुलास पुढे घेऊन बसू नये, इत्यादी गोष्टी घरोघरी ठाऊक आहेत. निदान ठाऊक असल्याचे प्रत्येक जण दाखवितो. परंतु भैरवी संपली, तंबोरे आडवे झाले, आणि ज्याचे गाणे आपण तीन तास ऐकले तो मनुष्य दहा हातांवर घाम पुशीत उभा राहिला, म्हणजे त्यापुढे कसे जावे, काय बोलावे, आणि मुख्य म्हणजे केव्हा निघावे, हे मात्र कोणी सांगत नाही. या बाबतीत मी स्वतः मोठी चूक केलेली आहे, व तीच या लेखाचे निमित्त आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात नामांकित गवयांचे येणे पूर्वीपासून विरळच. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, जिल्ह्याचे नावही उस्मानाबाद होते (ते २०२३ साली बदलले), आणि गाण्याची मोठी पेठ म्हणावयाची ती आमच्यापासून दूर, मिरजेस. तथापि मिरज अगदीच परकी नव्हती. लातुराहून ढोकी, तेर, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर करीत जी छोटी आगगाडी जात असे तिचे शेवटचे स्थानक मिरज. गोरोबाकाकांच्या तेरेस बसलेला मनुष्य त्याच रुळांनी तंबोऱ्यांच्या गावी उतरत असे. आमच्या घरचा तंबोराही मिरजेहून याच गाडीने, बाजेच्या गादीत गुंडाळून आला होता. आता रूळ रुंद झाले, छोटी गाडी गेली. तंबोरा मात्र भिंतीला टेकून उभा आहे.

मिरजेचा उल्लेख केला त्यास दुसरेही कारण आहे. विष्णु दिगंबर पलुसकर हे तेथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकत असताना घडलेली एक हकीकत त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. गावातील एका समारंभाचे आमंत्रण विष्णु दिगंबरांस आले, कारण त्यांच्यावर संस्थानिकांची मर्जी होती. पण त्यांच्या गुरूंस आले नाही. चौकशी करता उत्तर मिळाले ते एवढेच, की ते पडले गवई, त्यांस कशाला बोलवावयाचे! ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजविली त्या बाळकृष्णबुवांविषयी हे उद्गार! १८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. पुढे राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्याबाहेर, तिकीट लावून, सामान्य लोकांपुढे गाण्याचा पायंडा त्यांनी पाडला, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. गवयास चारचौघांत मानाने बसता यावे, ही त्यांची जन्मभराची खटपट होती.

ती खटपट सफल झाली, यात शंका नाही. आज गवयाच्या पाया पडण्यासाठी रांगा लागतात. परंतु ज्या मनुष्यास एके काळी समारंभास बोलावणे कमीपणाचे वाटत होते, त्यास आता आपण त्याच्या खोलीत धड श्वासही घेऊ देत नाही. दोन्ही वेळी आपण त्याच्याकडे पाहिलेच नाही, असे मला वाटू लागले आहे.

आता माझी चूक सांगते. १९८४ च्या हिवाळ्यात सोलापुरास एका मोठ्या गायकांचे गाणे होते. त्यांचे नाव येथे घेत नाही. त्यांचा यात दोष नाही, आणि आमच्या वेडेपणाशी त्यांचे नाव जोडले जावे अशी इच्छाही नाही. धाराशिवाहून आम्ही एस.टी.ने गेलो: यजमान, मी, जाऊबाई आणि आठ वर्षांची माझी मुलगी. बरोबर बेसनाच्या लाडवांचा डबा होता. हा डबा त्यांच्या हातीच द्यावयाचा, असा जाऊबाईंचा निश्चय घरूनच झालेला.

गाणे उत्तम झाले. ते संपताच आम्ही लोकांच्या कोपरांतून वाट काढीत रंगपटात घुसलो. ते एका खुर्चीवर बसले होते. अंगातला सदरा पाठीला चिकटला होता, हातात गरम पाण्याचा पेला होता, आणि दृष्टी कोठेतरी जमिनीकडे होती. मी वाकून नमस्कार केला, मुलीस करावयास लावला, डबा पुढे केला आणि बोलावयास लागले. काय बोलले ते मला आजही शब्दशः आठवते, व त्यामुळेच लाज वाटते. मी म्हणाले, आपली अमुक रागाची तबकडी आमच्या घरी आहे, तो राग आपण आज का गाइला नाहीत? मग सांगितले, की माझी मुलगीही गाते. मग मुलीस म्हणाले, "म्हणून दाखव ना आजोबांना!" मुलगी रडकुंडीस आली. यजमानांनी तेवढ्यात दुसऱ्या एका गायकाचे नाव घेऊन, त्यांच्या गाण्यात नि आपल्या गाण्यात काय फरक आहे, असा प्रश्न टाकला. कोपऱ्यात एक तरुण शिष्य तंबोऱ्यास गवसणी घालीत होता. तो उठून माझ्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, अण्णा सकाळपासून जेवलेले नाहीत. गाण्याच्या आधी ते जेवत नाहीत." मी म्हणाले, "मग लाडू खाऊ द्या की!"

ते हसले. त्यांनी एक लाडू फोडून तुकडा तोंडात टाकला, मुलीस जवळ बोलावून तिचे नाव विचारले, आणि तिच्या वहीत सुवाच्य अक्षरात तिचे नाव लिहून खाली स्वाक्षरी केली. परत येताना गाडीत आम्ही धन्य झाल्यासारखे बोलत होतो. स्वाक्षरीची वही जाऊबाईंनी दोनदा मागून पाहिली. मात्र तबल्याची साथ कोणी केली होती, हे आम्हां चौघांपैकी एकासही सांगता आले नाही. तो मनुष्य त्याच खोलीत, आमच्यापासून चार हातांवर, बोटांस तेल लावीत बसला होता.

मला लाज वाटली ती पुढे पुष्कळ वर्षांनी. मुलगी मोठी होऊन गाणे शिकू लागली व तिच्या गुरुजींच्या मैफलीस ती तंबोरा घेऊन बसू लागली, तेव्हा आतल्या खोलीचे दर्शन मला दुसऱ्या बाजूने घडले. गाऊन उठलेल्या मनुष्याची अवस्था तापातून उठलेल्या माणसासारखी असते. गळा उघडा असतो, अंग गरम असते, वारा बाधतो. आणि मन अजून गाण्यातून बाहेर आलेले नसते. कोठे चुकले, कोठे साधले, याचा हिशेब चाललेला असतो. अशा वेळी पाचपन्नास माणसे एकामागून एक येतात, आणि प्रत्येकास वाटते की आपण एकटेच आलो आहोत.

गवयाच्या मनात त्या घटकेस काय असेल, हे तर आपणांस मुळीच ठाऊक नसते. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग केला. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती, तरी प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला व ते भामिनी म्हणून रंगभूमीवर उभे राहिले. ही कथा आपण निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण प्रेक्षकांच्या बाजूने ती कथा मी कधी ऐकली नाही. संगीत नाटकांस जाणारे आपले आजोबा-पणजोबा 'वन्स मोअर'च्या आरोळ्या ठोकण्यात मोठे पटाईत होते, व एकेक पद पुनःपुन्हा म्हणवून घेणे हा तिकिटाचा हक्कच समजला जाई. समोरच्या माणसाच्या घरी आज काय घडले आहे याचा विचार मनात येण्यास, समोर माणूस आहे हे आधी ध्यानात यावे लागते.

कुमार गंधर्वांची गोष्ट तशीच. क्षयाने त्यांचे गाणे पाच-सहा वर्षे बंद पडले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. त्यातून उठून त्यांनी जे गाणे निर्माण केले त्याची थोरवी मी सांगावयास नको. परंतु अशा गायकापाशी जाऊन, "दोन ओळी येथेच म्हणा ना," असे म्हणणारा चाहता कशाची मागणी करीत असतो? गवयास श्वास म्हणजे सोनाराचे सोने. सोनाराच्या दुकानी जाऊन, ओळख आहे म्हणून गुंजभर सोने फुकट द्या, असे आपण म्हणत नाही.

तेव्हा जावे की जाऊ नये? जावे, असेच माझे मत आहे. मनापासून आवडलेल्या गाण्याबद्दल एक शब्दही न बोलता चप्पल शोधीत बाहेर पडणे हा काही शिष्टाचार नव्हे. फक्त गाण्यापूर्वी जाऊ नये. त्या वेळी तंबोरे जुळत असतात, आणि जवारीचा दोरा केसभर सरकला तर सर्व काम पुन्हा करावे लागते. गाण्यानंतर थोडा वेळ जाऊ द्यावा. दारात जो शिष्य किंवा घरचे माणूस उभे असेल त्यास विचारावे, आणि तो नाही म्हणाला तर ते गवयानेच म्हटले असे समजावे. साथीदारांस आधी नमस्कार करावा; याने गवयाचा मान कमी होत नाही, उलट त्यास बरे वाटते, हे मी पाहिले आहे. तबलजी किंवा सतारिया यांचा हात हाती घेऊन जोराने हलविण्याची नवी रीत तर फार वाईट. ज्या बोटांवर त्यांचे पोट आहे ती दुखावली तर तुमच्या प्रेमाचा त्यांस काय उपयोग? वाद्यास हात लावू नये, ओलांडू नये. मुलांसही हे घरूनच सांगून न्यावे.

आणि बोलावयाचे ते आजच्या गाण्याविषयी. "तो निषाद अजून कानात आहे," एवढे एक वाक्य पुरे. रागाचे नाव कळले नसेल तर विचारण्यास संकोच नको. परंतु आपणांस ते ठाऊक आहे हे दाखविण्यासाठी विचारू नये, कारण तो डाव समोरच्यास लगेच कळतो. दुसऱ्या गवयाचे नाव काढू नये, स्तुतीसाठीही नाही. (यजमानांस हे अजून पटत नाही. तुलना केल्यावाचून रसग्रहण होत नाही, असे ते म्हणतात. घरी करावी.)

छायाचित्राविषयी लिहिणे प्राप्तच आहे. पूर्वी वही होती, आता मोबाइल आहे. वही पुढे केली तर गवई निदान खाली मान घालून स्वतःच्या हाताने काही लिहीत असे, व त्या दोन क्षणांत एखादा शब्द बोलला जाई. सेल्फीत आपण त्याच्याकडे पाठ करून उभे राहतो! ज्यास भेटावयास आलो त्याकडे पाठ, आणि तोंड आपल्याच प्रतिमेकडे. भेटीची याहून विचित्र रीत मनुष्यजातीने काढली नसेल. तरीही तरुण मंडळींस मी नको म्हणत नाही. विचारून, एकच, आणि दिवा न चमकावता घ्यावे. गाणे चालू असता हात उंचावून ते टिपणे मात्र सर्वथा वर्ज्य समजावे. मागे बसलेल्या माणसाने तिकीट तुमचा मोबाइल पाहण्यासाठी काढलेले नसते.

स्त्री-कलावंतांच्या बाबतीत आणखी थोडे सांगितले पाहिजे. हिराबाई बडोदेकर या तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या गायिकांपैकी एक. पदर सावरून, हातवारे न करता, भारदस्तपणे बसून त्या गात. घरंदाज स्त्रियांनी जलशास जाऊन पुढे बसावे, ही गोष्ट त्यांच्यासारख्यांमुळे सुलभ झाली. आपल्या माजघरांतून तंबोरे दिसू लागले ते या बायकांच्या पुण्याईने. असे असता आजही गायिकेपुढे गेले की आम्ही बायका प्रथम तिची साडी न्याहाळतो, मग मुलेबाळे किती ते विचारतो, आणि मग घरचे कसे सांभाळता, असा प्रश्न करतो. गवयास हा प्रश्न केलेला मी कधी ऐकला नाही.

किशोरीताई आमोणकरांविषयी पुष्कळांची तक्रार असे. श्रोत्यांत चुळबूळ झाली तर त्यांस खपत नसे व त्या तसे स्पष्ट बोलून दाखवीत, हे सर्वश्रुत आहे. त्यास लोक शिष्टपणा म्हणत. मला वाटते, समई लावून पूजेस बसलेल्या बाईस दारावरच्या भाजीवालीने हाक मारली तर ती ओ देत नाही, आणि त्यास आपण शिष्टपणा म्हणत नाही.

आता या विषयाची जी बाजू मला सर्वांत जवळची आहे तिजकडे वळते. मोठे गवई आमच्या जिल्ह्यात क्वचित आले, असे वर म्हटले. परंतु गाणारा मनुष्य आमच्या घरी नेहमी येत असे, आणि तो कोणत्याही बोलावण्याच्या मानाचा धनी होता. तुळजाभवानी ही या भागातील असंख्य घरांची कुलस्वामिनी. घरात लग्न झाले की गोंधळ घालावयाचा, हा कुळाचार. चौरंगावर नवे वस्त्र घालून कलश मांडावयाचा, भोवती पाच उसांचा मांडव करावयाचा, दिवटी पेटवावयाची, आणि मग कवड्यांच्या माळा व पायघोळ झगा घातलेला गोंधळी, संबळ, तुणतुणे व झांज यांच्या साथीने, गावोगावच्या देवदेवतांस नावे घेऊन पाचारण करावयास लागतो. पुढे आख्यान, आणि पहाटे आरती. रात्रभर गाणे, नाचणे, निरूपण आणि विनोद, हे सर्व एकाच मनुष्याने करावयाचे. याहून अवघड मैफल मी पाहिलेली नाही.

१९६२ साली आमच्या धाकट्या काकांचे लग्न झाले, त्या वेळी मी दहा वर्षांची होते. तुळजापूर तालुक्यातील आमच्या घरी नेहमीचा गोंधळी आला. माझ्या वडिलांहून तो वयाने मोठा, पण घरातील पोरेसोरेदेखील त्यास एकेरी हाक मारीत. तो सर्वांस "मालक" आणि आजीस "आईसाहेब" म्हणे. रात्रभर तो गाइला. आरतीनंतर त्याचे व त्याच्या साथीदारांचे पान अंगणात, लिंबाखाली मांडले गेले, आणि तेही घरची पंगत उठल्यावर. नेहमीच तसे होई. शिधा, खणनारळ आणि ठरलेली दक्षिणा आजी ओसरीच्या कडेवरून, वरून, त्याच्या झोळीत टाकी.

त्या लग्नास हैदराबादेहून वडिलांचे एक स्नेही आले होते. मोठे गाणे ऐकणारे; मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खांसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी मैफली होतात, तेथे ते हजेरी लावीत. सकाळी ते ओसरीवरून उतरले आणि अंगणात त्या गोंधळ्यापुढे सरळ घोंगडीवर बसले. आधी म्हणाले, "बाबा, पाणी घ्या. घसा बसला असेल." तो जेवेपर्यंत ते गप्प राहिले. मग विचारले, "हे आख्यान आपण कोणापासून घेतलेत?" आपण! हा शब्द त्या अंगणात त्या मनुष्यास उद्देशून प्रथमच उच्चारला गेला असेल. जो गोंधळी "होय मालक, नाही मालक" यापलीकडे कधी बोलत नसे तो तासभर बोलत होता: बापाने कसे शिकविले, संबळाची लहान नि मोठी बाजू कशी चढवावयाची, पाऊस पडला की चामडे कसे उतरते. आम्ही मुले भोवती बसून ऐकत होतो. ओसरीवर आजी नापसंतीने उभी होती.

पुढच्या लग्नापासून त्याचे पान अंगणातून ओसरीवर आले. माजघरात ते कधीच आले नाही. आजीने याविषयी कोणाशी काही बोलल्याचे मला आठवत नाही. सोलापुरात ज्यांच्यापुढे मी लाडवांचा डबा घेऊन लोटांगण घातले ते, आणि ज्याचे नाव मी धड उच्चारलेही नाही तो, या दोघांतील अंतर माझ्या मनात इतके पक्के होते, की एकाच दिवसाच्या विचारात ते दोघे कधी एकत्र आलेच नाहीत.

गेल्या वर्षी भावाच्या नातवाचे लग्न झाले. गोंधळास जो तरुण आला तो त्याच वृद्धाचा नातू. बरोबर ध्वनिवर्धकाची पेटी होती, पण संबळ तेच, आणि हातही तसाच. पाहुण्यांत मुंबई-पुण्याची मंडळी बरीच होती. आरती होताच त्याच्याभोवती मोबाइल घेऊन गर्दी झाली. कोणी त्याची कवड्यांची माळ आपल्या गळ्यात घालून छायाचित्र काढविले, कोणी संबळावर टिपरी मारून पाहिली. तो हसत उभा होता. त्याचे नाव कोणी विचारले नाही.

गर्दी ओसरल्यावर मी त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या आजोबांचे पूर्ण नाव विचारले. त्याने सांगितले: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. साठ वर्षांहून अधिक काळ आमच्या घराची लग्ने ज्याने देवीपुढे रुजू केली त्याचे आडनाव मला त्या दिवशी कळले. घरात कुळाचाराची एक जुनी वही आहे. तीत प्रत्येक गोंधळाची तिथी, उसांचा आणि खणाचा खर्च, दक्षिणेचा आकडा, सर्व काही आजीच्या अक्षरात आहे. गाणाऱ्याचे नाव कोठेच नाही. मी चष्मा लावून १९६२ चे पान काढले व समासात ते नाव लिहिले. खाली नातवाचेही लिहिले.

तो मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता. म्हणाला, "आजी, फोटो काढायचा का?"

मी म्हणाले, "आधी जेवून घ्या. पान आत मांडले आहे."